फळझाडांवरचे व्हायरस: बागेतून आणि गच्चीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न घेऊन येणारे लोक दोन तऱ्हेचे असतात. एक, ज्यांचं घर बागेवर चालतं: दौंड-इंदापूरचे पपई आणि केळीवाले, पुरंदरचे अंजीरवाले, जुन्नर-नारायणगावचे द्राक्ष बागायतदार. दुसरे, ज्यांनी कोथरूडच्या गच्चीवर ड्रममध्ये कागदी लिंबू किंवा सोसायटीच्या कंपाउंडलगत पपई जिवापाड वाढवली आहे. दोघांच्याही हातात पिशवीत घातलेलं पान असतं आणि तोंडी एकच प्रश्न, "ह्याच्यावर काय मारू?" खालची उत्तरं दोघांसाठीही आहेत.

पान पिवळं पडलंय. व्हायरस आहे की खताची कमतरता?

पानाआधी बाग बघा. बांधावर उभं राहून ओळीमागून ओळ नजर फिरवा. कमतरता बहुतेक वेळा पट्ट्याने येते. चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या भागातली सगळी झाडं साधारण सारखीच पिवळी दिसतात. व्हायरस सुरुवातीला तुरळक असतो. इथे एक झाड, चार ओळी सोडून दुसरं, आणि मधली सगळी ठणठणीत. पुढे त्या झाडांच्या आजूबाजूला पुंजके तयार होतात.

मग पान हातात घ्या. कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या दिसतात. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, लोह किंवा जस्त कमी असेल तर शेंड्याची. व्हायरसच्या पानावर हिरवा-पिवळा रंग वेडावाकडा सांडलेला असतो, एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. पान बऱ्याचदा मुडपलेलं किंवा लहान राहिलेलं असतं.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी केल्यावर नवी फूट स्वच्छ आली, तर ती कमतरताच होती. लिंबूवर्गीय झाडांत मात्र या परीक्षेवर विसंबू नका. ट्रिस्टेझा व्हायरस आणि ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग, दोन्ही झाडाच्या आतली अन्नवाहतूक बिघडवतात. त्यामुळे पानं जस्त कमी असल्यासारखीच दिसतात आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

पपईवरचा रिंगस्पॉट हा व्हायरस सगळ्यात आधी कुठे दिसतो?

फळावर कडी उमटण्याची वाट बघत बसलात तर फार उशीर झालेला असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात शेंड्याजवळच्या कोवळ्या पानाचा देठ धरून हळूहळू फिरवा. देठावर आणि खोडाच्या वरच्या हिरव्या भागावर गडद हिरव्या, तेलकट, तुटक रेघा दिसल्या तर संशय घ्या. भर दुपारच्या उन्हात त्या नजरेतून सहज सुटतात. त्याच सुमारास शेंड्याच्या पानांच्या शिरा फिकट होतात आणि पानावर पिवळा मोझॅक, म्हणजे हिरव्या-पिवळ्या ठिगळांची नक्षी, येतो. त्यानंतर पानाच्या कात्र्या निमुळत्या होत जातात, कधीकधी नुसती शीरच उरते. फळावरची गोल कडी आणि तिच्या मधला हिरवा ठिपका ही सगळ्यात शेवटची खूण.

फळ नुसतं खडबडीत, गाठीगाठीचं आहे, त्यातून चीक पाझरतोय, पण कडी नाही आणि देठावर रेघाही नाहीत, असं असेल तर आधी बोरॉनची कमतरता तपासा.

पपईची पानं एकदम बारीक, वळलेली झाली आहेत. हा व्हायरसच ना?

आपल्या भागात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण पपईच्या शेजारी ऊस असतो आणि उसात २,४-डी हे तणनाशक मारतात. पपई आणि द्राक्ष दोन्ही त्याला अतिशय हळवी. वाऱ्यासोबत थोडे तुषार आले तरी शेंड्याची पानं चिंचोळी होतात, देठ पिळवटतात. बघणारा "व्हायरस" म्हणतो आणि चांगली बाग काढून टाकतो. असं होताना बघवत नाही.

फरक असा. तणनाशकाचा चटका बसला असेल तर उसाच्या बाजूच्या ओळींमध्ये तो सर्वांत जास्त दिसतो, आत जाल तसा कमी होतो, आणि सगळ्या झाडांवर एकाच वेळी दिसतो. देठावर तेलकट रेघा नसतात, पानावर मोझॅक नसतो, आणि काही आठवड्यांनी निघणारी फूट सरळ येते. शेजाऱ्याला विचारा, त्याने उसात काय मारलं आणि कधी. फवारणीच्या टाकीबद्दलही विचारा, कारण तणनाशकाचाच पंप नीट न धुता पपईत वापरला तरी हेच होतं.

तिसरी शक्यता कोळ्याची. पिवळा कोळी शेंड्यात बसला की कोवळी पानं आकसतात, खालून तपकिरी, चरचरीत होतात. तो उघड्या डोळ्यांना दिसत नाही. भिंगाखाली मात्र दिसतो.

पानं खालच्या बाजूला वळून वाटीसारखी, जाड आणि चामड्यासारखी झाली असतील, शिरा फुगल्या असतील, तर तो चुरडा-मुरडा. हाही व्हायरसच, पण वेगळा, आणि तो पांढऱ्या माशीतून येतो.

मग औषध काय मारायचं?

लागण झालेल्या झाडातून व्हायरस काढून टाकणारं औषध नाही. बुरशी किंवा जिवाणू झाडावर, झाडात स्वतःचं आयुष्य जगतात, म्हणून त्यांना मारणारी औषधं निघाली. व्हायरस झाडाच्याच पेशींची यंत्रणा वापरून वाढतो. त्याला मारायचं तर पेशीच मारावी लागते. म्हणून बुरशीनाशकाचा उपयोग नाही, स्ट्रेप्टोसायक्लिन या जिवाणूनाशकाचाही नाही.

दुकानात "व्हायरसवर हमखास" म्हणून बाटल्या मिळतात. त्यात बहुधा सूक्ष्म अन्नद्रव्यं, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं असतात. झाडाला त्याने थोडा तजेला येतो, पान जरा हिरवं दिसतं. शिवाय ऊन वाढलं की काही व्हायरसची लक्षणं आपोआप फिकी पडतात. नेमकी त्याच आठवड्यात फवारणी झालेली असली की श्रेय बाटलीला जातं, आणि पुढच्या थंडीत झाड होतं तिथेच येतं. मधल्या काळात त्या झाडावरून कितीतरी झाडांना लागण झालेली असते. कर्ज काढून बाग उभी केलेल्या माणसाने या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, हे अगदी कळकळीने सांगतो. तोच पैसा नेट, मल्चिंग पेपर आणि चांगल्या रोपांवर लावा.

आमच्या पपईवर मावा दिसतच नाही. मग व्हायरस आला कुठून?

रिंगस्पॉट माव्यातूनच येतो, पण मावा पपईवर वस्ती करत नाही, म्हणून तो दिसत नाही. पंख फुटलेला मावा काकडी, कपाशी, मिरची किंवा तणांवरून उडतो, वाटेत पपईवर उतरतो, सोंड टोचून चव घेतो आणि आवडली नाही म्हणून पुढे जातो. ती चव घेण्याच्या काही सेकंदांत व्हायरस झाडात गेलेला असतो.

मग कीटकनाशक मारून मावा संपवला तर रोग थांबेल का?

रिंगस्पॉटच्या बाबतीत फारसा नाही, कारण वरचंच. औषध माव्याला मारायला काही वेळ घेतं आणि लागण सेकंदांत होते. उलट औषधाने बेचैन झालेला मावा जास्त झाडांवर फिरतो. खनिज तेलाची हलकी फवारणी लागण काही प्रमाणात कमी करते, पण ती सातत्याने करावी लागते आणि कडक उन्हात करायची नसते.

चुरडा-मुरडा आणि केळीचा पर्णगुच्छ यांचं गणित वेगळं. यातला व्हायरस किडीच्या शरीरात जातो आणि मग पसरतो. किडीला झाडावर बराच वेळ बसून रस शोषावा लागतो. इथे पांढरी माशी आणि केळीचा काळा मावा आटोक्यात ठेवण्याचा खरा उपयोग होतो. पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, आणि गरज पडली तर लेबलवर त्या पिकासाठी शिफारस असलेलंच औषध, तेही मधमाश्या फिरत नसताना, संध्याकाळी.

म्हणजे पपई लावायचीच नाही का?

लावा, पण रोप लावायच्या आधी डाव आखा. या महाराष्ट्राला पपईच्या मोझॅकची ओळख नवीन नाही. तेव्हाच्या मुंबई प्रांतातून त्याची नोंद १९४८ सालीच झाली होती. इतक्या वर्षांत कामाचं ठरलेलं शहाणपण एकच: झाड जितक्या उशिरा लागण घेईल तितकी फळं पदरात पडतात. फुलं येण्याआधी लागण झाली तर हाती जवळजवळ काही लागत नाही. फळं भरल्यानंतर झाली तर तोडा निघून जातो. म्हणजे आपली सगळी धडपड ते पहिले काही महिने सांभाळण्यासाठी.

रोपं बारीक जाळीच्या नेटमध्येच वाढवा आणि लागवडीच्या दिवसापर्यंत नेट उघडू नका. रिंगस्पॉट बियातून येत नाही, त्यामुळे नेटमधलं रोप स्वच्छच असतं. ते खराब होतं उघड्यावर ठेवलेल्या ट्रेमध्ये. लागवडीच्या आधी बागेच्या चारही बाजूंनी मका किंवा ज्वारी दाट पेरा, आणि पपई लावाल तेव्हा हा मका किंवा ज्वारी कमरेइतकी झालेली असू द्या. बाहेरून आलेला मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे सोंड टोचतो आणि त्याच्या सोंडेवरचा व्हायरस तिथेच पुसला जातो. चंदेरी मल्चिंगवरून परावर्तित होणारा प्रकाश माव्याला उतरू देत नाही, तेही झाडं लहान असेपर्यंतच. सावली पडली की त्याचा उपयोग संपतो.

काकडी, दोडका, कारलं, भोपळा, कलिंगड पपईत किंवा तिच्या बांधाला लावू नका. रिंगस्पॉटचा व्हायरस वेलवर्गीय पिकांतही राहतो. आंतरपिकाचे चार पैसे मिळतात म्हणून पपईत कलिंगड घेणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक वेळा त्याची किंमत पपई मोजते.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे उपटणं. पहिल्या महिन्यांत आठवड्यातून एकदा बाग फिरायची आणि देठावर रेघ दिसलेलं झाड त्याच दिवशी काढायचं. झाड छातीइतकं झालेलं, फुलं लागलेली, आणि आपण त्याच्यावर कोयता चालवायचा. हात धजत नाही, हे खरं आहे. पण ते झाड ठेवण्याने ते वाचत नसतं. अर्ध्याहून अधिक बाग आधीच लागलेली असेल तर उपटून उपयोग नाही. तेव्हा पाणी-खत नीट ठेवून मिळतील ती फळं घ्या आणि पुढचं पीक वेगळं ठेवा.

भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुण्यातलं प्रादेशिक केंद्र विषाणूंवरच काम करतं आणि रिंगस्पॉट सहन करणाऱ्या 'पुणे सिलेक्शन' या पपईच्या ओळी तिथूनच आल्या. बाजारात सर्रास चालणारी रेड लेडी ७८६ देखणी आणि गोड आहे, पण रिंगस्पॉटला बळी पडते.

हवाईत व्हायरस न लागणारी पपई आहे म्हणे?

आहे. तिथे १९९८ साली जनुकीय बदल केलेली 'रेनबो' पपई शेतकऱ्यांना मिळाली आणि बुडत चाललेला पपईचा धंदा सावरला. आपल्याकडे अशी पपई लागवडीसाठी उपलब्ध नाही. कोणी ते नाव सांगून बी विकत असेल तर घेऊ नका.

केळीचा पर्णगुच्छ कसा ओळखायचा?

नवी पानं आखूड, उभी, अरुंद, एकमेकांना चिकटून शेंड्यात गच्च बसलेली दिसली की कोणालाही कळतं. पण त्याआधीची खूण बघायला शिका. कोवळ्या पानाचा देठ आणि मधल्या शिरेची खालची बाजू उजेडात धरा, वरची मेणचट पांढरी भुकटी बोटाने पुसा. खाली गडद हिरवे ठिपके आणि रेघा दिसतात: ठिपका, रेघ, रेघ, ठिपका, अशा. ते दिसलं की दुसरं काही तपासायची गरज नाही.

काढायची पद्धत महत्त्वाची. सरळ कोयता घातला तर पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानात) आणि बुडाशी दडलेला काळा मावा शेजारच्या झाडांवर जातो. आधी पोंग्यात आणि खोडाच्या बुडाशी कीटकनाशक सोडा, मावा मरू द्या, मग कंदासकट उकरून काढा, तुकडे करा. कंदाचा तुकडा जमिनीत राहिला तर त्यातून फुटणारा मुनवा, म्हणजे बुडातलं पिल्लू, रोगटच निघतो. अशा बागेतले मुनवे फुकट मिळाले तरी नेऊ नका.

टिश्यू कल्चरची रोपं घेतली तर व्हायरसची भीती नाही ना?

टिश्यू कल्चर म्हणजे व्हायरसमुक्त, असं समीकरण नाही. मातृझाड रोगट असेल तर एका झाडाची हजारो रोगट रोपं होतात. म्हणून केंद्र सरकारने २००६ साली टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. त्यात मातृझाडं आणि रोपं व्हायरससाठी तपासतात. कंपनीकडे त्या प्रमाणपत्राची विचारणा करा, बिलावर लॉट क्रमांक लिहून घ्या. जळगावकडे ज्याला हरण्या म्हणतात तो कुकुंबर मोझॅक मात्र स्वच्छ रोपालाही शेतात लागू शकतो, कारण तो काकडी, टोमॅटो, मिरची आणि तणांवरून माव्याबरोबर येतो. लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन महिने बांध तणमुक्त ठेवा.

गच्चीवरच्या लिंबाची पानं गोळा होतात, चट्टे पडतात. व्हायरस आहे का?

दहातल्या बहुतेक झाडांवर तो नसतो. पानावर चंदेरी नागमोडी वाट असेल तर नागअळी. दोन्ही बाजूंनी खडबडीत, पिवळ्या कडेचे खवले असतील तर खैऱ्या, तो जिवाणूंचा रोग. दोन्हींचा इलाज होतो, झाड टाकू नका.

ट्रिस्टेझा पाहायचा असेल तर कोवळं पान उन्हाकडे धरा. बारीक शिरांमध्ये मधूनमधून तुटक, पारदर्शक ठिपके दिसतात. दुसरी खूण खोडावर: मनगटाएवढ्या फांदीची साल थोडी सोलली तर आतल्या लाकडावर लांबट खड्डे आणि सालीच्या आतल्या बाजूला त्यांत बसणाऱ्या कडा. कागदी लिंबू या व्हायरसची लक्षणं इतकी स्पष्ट दाखवतो की शास्त्रज्ञ तो तपासणीचं झाड म्हणून वापरतात. ट्रिस्टेझा बियातून जात नाही. बी लावून केलेलं लिंबू सुरुवातीला स्वच्छ असतं, रोगट झाडाचा डोळा भरला तर मात्र कलम पहिल्या दिवसापासून रोगट. मोसंबी-संत्र्यासाठी रंगपूर लाइम आणि जंबेरी हे खुंट (ज्यांच्यावर कलम बांधतात ती झाडं) ट्रिस्टेझा सहन करतात.

अंजिरावरचा मोझॅक म्हणजे तांबेराच का?

नाही. तांबेऱ्यात पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी भुकटी येते, बोटाला लागते. मोझॅकमध्ये पिवळसर, कडा अस्पष्ट असलेले चट्टे, पान वाकडं, काही वेळा चट्ट्याला विटकरी कड. तो छाट कलमांतून आणि एका अतिसूक्ष्म कोळ्यातून पसरतो. तांबेऱ्याची फवारणी मोझॅकवर फुकट जाते. पुरंदरमध्ये कलमांची देवघेव ओळखीवर चालते. कलमं घेण्याआधी मातृझाड पालवी असताना, डोळ्यांनी बघून या.

द्राक्षात व्हायरस असतो का? आमच्या वेली तर हिरव्यागार आहेत.

असतो, आणि हिरव्यागार वेलीतही असतो. पुणे आणि नाशिकच्या बागांत लीफरोलचे विषाणू सापडले आहेत. रंगीत वाणांत पानं शिरा हिरव्या ठेवून मधे तांबडी होतात आणि कडा खाली वळतात. थॉमसनसारख्या पांढऱ्या वाणात नुसता पिवळेपणा येतो, तो सहज नजरेआड होतो. खुंटात तर लक्षणच दिसत नाही. परिणाम मण्यांवर होतो: गोडी उशिरा, रंग अपुरा. प्रसार कलमकाडीतून आणि पिठ्या ढेकणातून.

म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १,७६५.६७ कोटी रुपयांच्या स्वच्छ रोप कार्यक्रमाकडे मी आशेने बघतो. देशात नऊ केंद्रं, त्यात द्राक्षाचं पुण्यात, संत्र्याचं नागपुरात, डाळिंबाचं सोलापुरात. व्हायरस तपासलेली मातृझाडं रोपवाटिकांपर्यंत पोचली तर रोग दारातच अडेल.

कात्रीतून व्हायरस पसरतो का?

काही पसरतात. लिंबूवर्गीय झाडांतला एक्झोकॉर्टिस (हा व्हायरसहूनही साधा, व्हायरॉइड) तर रोगट डोळ्यातून आणि छाटणीच्या, कलमाच्या हत्यारातून जातो. केळीचा पर्णगुच्छ कोयत्याने जात नाही. घरातलं ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, यात झाड बदलताना कात्री बुडवा. काम झाल्यावर धुऊन तेल लावा, नाहीतर गंजते.

नक्की खात्री करायची तर नमुना कसा द्यायचा?

प्रयोगशाळेत एलायझा किंवा पीसीआर या व्हायरस ओळखणाऱ्या चाचण्यांनी तपासतात. नमुना चुकला की निकालही चुकतो, म्हणून एवढं पाळा. लक्षण असलेली कोवळी पानं देठासकट घ्या, वाळलेली नकोत. शेजारच्या निरोगी झाडाची पानं वेगळ्या पिशवीत द्या. पानं धुऊ नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका, कोरड्या कागदात घालून पिशवीत ठेवा. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका. पिशवीवर वाण, लागवडीची तारीख, आणि गेल्या महिन्यातल्या फवारण्या लिहा. झाडाचे आणि बागेचे फोटो सोबत असू द्या. कुठे द्यायचं ते शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात, बारामती किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. द्राक्षासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. फोनवरून पहिला सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

रोपवाटिकेत रोप घेताना काय बघू?

उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या रस्त्यावर रोपं सुंदर मांडलेली असतात, पण रोपाआधी मातृझाड दाखवायला सांगा. फळरोपवाटिकांना महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याखाली परवाना लागतो. परवाना बघा, वाण आणि खुंट लिहिलेलं बिल घ्या. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून बागेसाठी रोप घेऊ नका.

उपटलेली झाडं जाळायची का?

शहरात जाळू नका. पपईचं झाड तुकडे करून खड्ड्यात पुरलं किंवा कंपोस्टमध्ये टाकलं तरी चालतं. झाड सुकलं की मावा त्यावर येत नाही आणि हा व्हायरस मातीत टिकून राहत नाही. त्याच जागी पुन्हा रोप लावता येतं, फक्त आजूबाजूला रोगट पपई उभी नको.

शेजारी रोगट झाडं काढत नाही. काय करावं?

भांडून काही होत नाही. त्याला आपल्या बागेत आणा, देठावरची रेघ दाखवा, मग दोघं मिळून त्याच्या बागेतून फिरा. बऱ्याच जणांनी ती खूण कधी पाहिलेलीच नसते. गावात पाच-सहा जणांनी लागवड एकाच सुमारास केली आणि जुने पपईचे प्लॉट त्याआधी मोडले, तर एकट्याच्या नेटपेक्षा त्याचा उपयोग जास्त. सोसायटीतही तसंच. कचऱ्याच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली कडी-ठिपक्यांची पपई माळीकाकांना सांगून काढून घ्या.

व्हायरस आलेल्या झाडाचं फळ खाल्लं तर चालतं का? घरात लहान मुलं आहेत.

चालतं. झाडांचे व्हायरस माणसाला किंवा गाई-म्हशींना लागत नाहीत. रिंगस्पॉटची पपई कमी गोड लागते, कड्यांखालचा गर थोडा कडक असतो, एवढंच. अशी फळं कच्ची उतरवून भाजीला किंवा टुटीफ्रुटीला वापरा.